मशीनवर विणलेल्या कपड्यांच्या कडा: कुंची, गळा आणि ती मेली गुंडाळी

उलटसुलट (परभणी)

परभणीत थंडी पडली की पेपरात कृषी विद्यापीठाचा किमान तापमानाचा आकडा येतो आणि माझ्या फोनवर "ताई, संक्रांतीच्या आत होईल का?" असे मेसेज येतात. यंदा बोरनहाणाच्या काळ्या कुंच्या आणि झबली जास्त आहेत. अंग विणायला मशीनला फारसा वेळ लागत नाही. वेळ खाते ती कड. आणि गिऱ्हाईक कपडा हातात घेतल्या घेतल्या बोटाने चाचपतं तीही कडच. इथे मंचावर हातविणकामाच्या आणि क्रोशाच्या चर्चेचे धागे ढिगाने आहेत, मशीनच्या कडांवर काही सापडलं नाही, म्हणून हा काढला.

माझं मशीन जुनं ब्रदर कंपनीचं, पंचकार्डाचं, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डावरून नक्षी काढणारं. २०० सुया, दोन सुयांत साडेचार मिलिमीटर अंतर. रिबर (समोर जोडायची सुयांची दुसरी रांग) नाही, म्हणजे एकच बेड, सुयांची एकच रांग. ज्यांनी मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: एका बेडवर निघतं ते साधं कापड, एका बाजूने सगळे टाके सुलट, दुसऱ्या बाजूने सगळे उलट. ते मोकळं सोडलं की वळतं. खालची-वरची कड पुढे वळते, उभ्या कडा मागे वळतात. इस्त्री फिरवली की घटकाभर गप्प बसतं, धुतलं की पुन्हा तेच. त्यामुळे कडेचं पहिलं काम ही गुंडाळी थांबवणं. दुसरं, गळा आणि मनगट ताणून परत जागेवर आणणं. शोभा तिसरी. नेटवर चित्र बघून आधी शोभा निवडली आणि मग बाकीचं बघू म्हटलं तर ती कड टिकत नाही, हे माझं ठाम मत.

माझी रोजची कड म्हणजे दातेरी दुमड. आधी टाकाऊ लोकरीच्या आठ-दहा ओळी घालून वजनं लावायची. मग खरी लोकर. अंगाचं टेन्शन (टाका किती सैल ते ठरवणारा आकडा, लहान म्हणजे घट्ट) ७ असेल तर दुमडीच्या आतल्या भागाला ६. अशा सात ओळी झाल्या की कॅरेज (सुयांवरून फिरून ओळ विणणारा भाग) बाजूला ठेवून एका काट्याच्या टूलने एक सोडून एक टाका शेजारच्या सुईवर सरकवायचा. रिकामी झालेली सुई मात्र कामातच ठेवायची, मागे ढकलायची नाही. पुढची ओळ फिरली की तिथे भोक पडतं. मग टेन्शन ७ वर आणून आठ ओळी. आता टाकाऊ लोकरीच्या वर खऱ्या लोकरीची पहिली ओळ दिसते, तिचा एकेक फास उचलून त्याच त्या सुयांवर टांगायचा. कापड आपल्याकडे दुमडलं जातं. एक ओळ सैल फिरवायची आणि दोन्ही थर बंद. टाकाऊ लोकर ओढून काढली की भोकांच्या ओळीवर दुमड पडून बारीक दाते उभे राहतात.

आतला थर एक नंबर घट्ट का, तर दोन्ही सारखे ठेवले की आतला बाहेर डोकावतो आणि खालची कड झालरीसारखी फुगते.

आता प्रश्न. खालच्या कडेला हे सगळं ठीक. पण गळ्याला, बटणपट्टीला आणि कुंचीच्या चेहऱ्याभोवती अंग आधी होतं आणि कड नंतर लागते. तिथे तुम्ही काय करता? क्रोशाने करणारे काय करता?

खांबसाखळी (लातूर)

क्रोशाने करणारी हजर आहे.

मशीनवरची लोकर बारीक असते, त्यामुळे साडेतीन-चार नंबरच्या सुईने सुरू करणाऱ्यांची कड लाटा मारते. मी अडीच मिलिमीटरची घेते, फार तर तीन. आणि पहिली ओळ कायम मुक्या खांबांची (मुका खांब म्हणजे क्रोशाचा बुटका टाका, खांब त्याहून उंच), तीही अंगाच्याच रंगात. ही ओळ दाखवायची नसते. ती पाया आहे. वरच्या ओळी दुसऱ्या रंगात करा, पायाची नको. काळ्या अंगावर थेट पांढरा मुका खांब घातला की प्रत्येक टाका कुठे उचलला ते दिसतं आणि हात कितीही सफाईदार असला तरी उभ्या कडेवर ते एका रेषेत बसत नाहीत.

पायावर शिंपले करायचे तर टाक्यांची संख्या सहाच्या पटीत अधिक एक. एक मुका खांब, दोन टाके सोडून तिसऱ्यात पाच खांब, परत दोन सोडून मुका खांब. शेवटी अर्धा शिंपला उरला तर ओढाताण करून बसवू नका, पायाच्या ओळीतच दोन-चार टाके कमी-जास्त करून घ्या. तिथे ते कुणाला दिसत नाहीत.

पण लहान बाळाच्या कुंचीला मोठे शिंपले किंवा साखळीचे फास नकोतच. बोटं अडकतात. त्यात बोरनहाणाला अंगावर हलव्याचे दागिने. तो काटेरी दाणा लोकरीच्या फासात गेला की दागिना काढताना फास बाहेर येतो, किंवा दाणा आत राहतो आणि चिकटतो. त्यापेक्षा पायावर उलट्या दिशेने, म्हणजे डावीकडून उजवीकडे, मुका खांब घालत जायचं. दोरीसारखी गाठाळ कड येते. हात सुरुवातीला अडखळतो, पण ही कड ताणूनही बिघडत नाही.

सुई_आजी (अंबाजोगाई)

काय करायलाव बायांनो. अंग मशीनवर आणि कड हातानं. मग मशीन कशाला घेतलं म्हणते मी.

हातानंच लावायची तर सुयांवर टाके उचला आणि सगळ्या ओळी सुलट विणा. सहा ओळी, आठ ओळी. दोन्हीकडून सारखी दिसते, कुठं वळत नाही, फुगत नाही. टाके बंद करताना एक नंबर मोठी सुई घ्या म्हणजे गळा डोक्यातून जातो. आमच्या वेळी ह्याला कुणी शोभिवंत म्हणत नव्हतं, पण लेकरं वापरत होती, आणि धाकट्याला परत तोच स्वेटर होत होता.

मोंढानाका (जालना)

आजी, मशीन घेतलं कारण जूनमध्ये शाळेचे स्वेटर शेकड्याने द्यायचे असतात :)

मी धंद्याच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे दोन बेडची हातमशीनं आहेत, लुधियानाची. लाइट गेली तरी काम थांबत नाही, हा मराठवाड्यात मोठा गुण. दोन बेड असल्यामुळे खरी बॉर्डर, म्हणजे रिब, निघते: काही सुया पुढच्या बेडवर, काही मागच्या. कापड स्प्रिंगसारखं आत येतं. उलटसुलट ताईंच्या एका बेडवर दर तिसरी सुई बंद ठेवून बॉर्डरचा भास आणता येतो, दुमडून लावली तर दिसायलाही बरी. पण मनगटाला तिचा फार उपयोग नाही. ताणली की ताणलेलीच राहते.

दोन बेडवाल्यांना एक स्वस्तातली नक्षी सांगतो. सुरुवातीलाच दोन्ही बेडच्या सगळ्या सुया घ्यायच्या आणि दर ओळीनंतर मागचा बेड एक घर सरकवायचा. चार-पाच घरं एका बाजूला, मग तेवढीच परत. टाके तिरके पडत जातात आणि खालची कड आपोआप नागमोडी येते. एकही टाका हाताने उचलायचा नाही. टेन्शन मात्र सैल ठेवा, नाहीतर सरकवताना धागा तुटतो किंवा सुईची जीभ वाकते. बाकी भोकाभोकांच्या कडा शाळेच्या स्वेटरला परवडत नाहीत. ऑर्डरच्या झबल्याला परवडतात कारण तिथे आई पैसे देते, शाळेची कमिटी नाही.

गळपट्टी आम्ही वेगळी विणून लिंकिंग मशीनवर जोडतो. त्या गोल चकतीच्या एकेका खिळ्यावर पट्टीचा एकेक फास बसवावा लागतो. तिथे ज्या बाईचा हात बसलेला आहे तिला कारखाना सोडू देत नाही.

काठपदर (छत्रपती संभाजीनगर)

मोंढानाका, तुमच्या दोन बेडमागे मोठा इतिहास आहे. विल्यम ली याने नॉटिंगहॅमजवळ मोजे विणायचं यंत्र केलं ते १५८९ चं. त्यावर साधं कापड निघायचं, बॉर्डर नाही. बॉर्डर काढणारी जोडणी जेदेदाया स्ट्रटने १७५८-५९ च्या सुमारास आणली, ती 'डर्बी रिब' म्हणून खपली. मधली जवळजवळ पावणेदोनशे वर्षं. उलटसुलट, तुमचं रिबर नसलेलं मशीन ह्या हिशोबाने ली साहेबांच्या बाजूचं आहे.

कड नंतर लावायच्या प्रश्नावर एक वेगळा रस्ता सुचवतो: कड आडवी विणा. अंगाची कड उजवीकडे येईल असं कापड धरायचं आणि मशीनवर फक्त पट्टीचे टाके घालायचे, समजा चार. दर दोन ओळींनी अंगाच्या कडेचा एक फास पट्टीच्या उजव्या टोकाच्या सुईवर टांगायचा. पुढच्या ओळीत तो पट्टीत विणला जातो. शिवण लागतच नाही. आपल्याकडच्या जुन्या पैठणीत काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून बाणा एकमेकांत अडकवतात, काठ वरून शिवलेला नसतो. तत्त्व तेच.

त्याच पट्टीत डाव्या बाजूला दर दोन ओळींनी एक टाका वाढवत न्या, चाराचे दहा झाले की सहा टाके एकदम बंद करा आणि पुन्हा चारापासून सुरू. त्रिकोणांची रांग येते. नारळी काठ आठवेल.

उलटसुलट (परभणी)

काठपदर, सुंदर. पण हे त्रिकोण वळणार नाहीत का? पट्टीही साध्याच विणीची ना. मी गळ्याला सरळ पट्टी अशी करून बघते तेव्हा बाहेरची बाजू नळीसारखी गोल होते.

काठपदर (छत्रपती संभाजीनगर)

वळतातच. साध्या विणीत ठेवले तर त्रिकोणाचं टोक मागे जाऊन लपतं आणि सगळी मेहनत वाया. गुंडाळी येते कारण साध्या विणीत प्रत्येक फासाचा वाक एकाच बाजूला असतो आणि धागा सरळ व्हायला धडपडतो. समोरासमोर दोन्ही तऱ्हेचे टाके आले की ती ओढ एकमेकांना मारते. आजींची सगळी सुलट पट्टी म्हणूनच सपाट राहते.

तर मशीनवर: पट्टीत फार तर दहा टाके आहेत. दर दोन-चार ओळींनी एक सोडून एक टाका सुईवरून खाली सोडा, त्या ओळी उसवू द्या आणि जिभेच्या टूलने समोरून पुन्हा चढवत आणा. तो टाका उलट्याचा सुलट होतो. २०० सुयांच्या अंगावर हे वेडेपणाचं आहे, दहा टाक्यांवर नाही. दुसरा उपाय, पंचकार्डावर टक लावा, म्हणजे काही टाके त्या ओळीत न विणता धागा सुईवर तसाच गोळा होऊ द्यायचा. टकच्या विणीत धागे गोळा होऊन कापड जाड आणि रुंद होतं, वळायचं बरंच कमी होतं.

मोंढानाका (जालना)

किंवा दुमडा. दोन थर झाले की वळायला जागा नाही. भाऊ, मला गणित करू द्या: गळ्याला ९० फास, दर दोन ओळींना एक म्हणजे १८० ओळी, आणि दर काही ओळींनी टाके सोडून चढवणं. ह्या वेळात माझी दोन पोरं दोन स्वेटर काढतात.

काठपदर (छत्रपती संभाजीनगर)

तुमच्या शाळेच्या स्वेटरला मी नारळी काठ सुचवलेला नाही!

कवडी (किनवट)

वाचनमात्र होते, पण लिहावंसं वाटलं. आमच्या तांड्यातल्या जुन्या बायकांच्या कपड्यांच्या कडांना कवड्या, आरसे, गोंडे असतात, तसं विणलेल्या जाकिटाला करून द्या म्हणून आता विचारणा येते. कापडी घाघऱ्याला जे चालतं ते विणलेल्याला चालत नाही. कवड्यांच्या वजनाने कड खाली उतरते आणि पुढचा भाग मागच्यापेक्षा लांब दिसायला लागतो. मी आतून सुती कापडाची अर्ध्या इंचाची पट्टी शिवते आणि कवडी त्या पट्टीत टाके घेऊन लावते. लोकर नुसती मधून जाते, वजन पट्टीवर. पट्टी लावली तिथे कड ताणत नाही, म्हणून हे फक्त समोरच्या उभ्या कडेला आणि खिशाला. गळ्याला, मनगटाला लोकरीचे गोंडेच बरे.

खांबसाखळी (लातूर)

कवडी, हे फार उपयोगी. पट्टी आधी धुऊन घेत असाल ना? नवं सुती कापड आकसतं.

कवडी (किनवट)

हो, धुऊन, वाळवून, मगच.

नवी_सुई (उदगीर)

मी काही महिन्यांपूर्वी मशीन घेतलं. दोन शंका. उभ्या कडेवरून टाके उचलायचे तर प्रत्येक ओळीतून एक उचलायचा का? तसं केलं की पट्टी पंख्यासारखी पसरते. आणि कड सपाट करायला वाफेची इस्त्री चालते का? लोकर अॅक्रिलिक आहे, लातूरच्या गंजगोलाईतून घेतलेली.

उलटसुलट (परभणी)

दुसऱ्याचं आधी, कारण तिथे नुकसान परत भरून येत नाही. अॅक्रिलिकवर वाफ जोरात बसली की धाग्याची स्प्रिंग जाते, कापड लोंबतं, आणि धुतलं तरी पूर्वीसारखं होत नाही. खऱ्या लोकरीला ओलं करून टाचण्या लावून वाळवलं की आकार धरते, पण पुढच्या धुण्यात तो सुटतो, पुन्हा बसवता येतो. म्हणून अॅक्रिलिकच्या बॉर्डरला, गळ्याला, मनगटाला इस्त्री लावायचीच नाही. जाळीदार आडव्या काठाला मात्र मी मुद्दाम हलकी वाफ देते, इस्त्री टेकवत नाही, वर धरते. तिथे स्प्रिंग नकोच असते. आधी नमुन्याच्या तुकड्यावर बघा.

आता उचलायचं. प्रत्येक ओळीतून एक उचलला की जास्तच होणार, कारण टाका रुंद असतो आणि ओळ बुटकी. माझ्या नेहमीच्या लोकरीत दहा सेंटिमीटरला २८ टाके आणि ४० ओळी येतात. म्हणजे ४० ओळींच्या कडेला २८ टाके हवेत, दहा ओळींना सात. तीन उचला, एक ओळ सोडा. दोन उचला, एक सोडा. दोन उचला, एक सोडा. झाले दहा ओळींत सात. तुमच्या लोकरीचे आकडे वेगळे असतील तर नमुना विणून, धुऊन, मग मोजा. न धुता मोजलेल्या नमुन्यावर विश्वास ठेवू नका, मशीनवरून उतरलेलं कापड वजनांनी लांब झालेलं असतं.

उचलताना मी कडेचा अगदी शेवटचा फास घेत नाही, तो सैल असतो. एक टाका आत घुसते. पूर्ण टाका उचलला की आत जाड शिवण येते, पण भोकं पडत नाहीत. बाळाच्या कपड्याला अर्धाच टाका, म्हणजे आत टोचत नाही.

नवी_सुई (उदगीर)

पट्टी पंख्यासारखी का होते ते आज कळलं. आजवर मी नुसती सुया बदलून बघत होते. ताई, कुंचीचं उदाहरण घेऊन सांगाल का?

उलटसुलट (परभणी)

सांगते, सध्या तीच बेडवर आहे. डोक्याचा भाग आडवा चौकोन, मागे शिवण. चेहऱ्याकडची बाजू म्हणजे उभी कड, १६० ओळी, ४० सेंटिमीटर. दहाला सात ह्या हिशोबाने ११२ टाके.

मशीनवर लावायची तर एक गंमत आहे. ११२ सुया गुणिले साडेचार मिलिमीटर म्हणजे ५० सेंटिमीटरच्या वर. ४० ची कड ५० ला ताणून टांगावी लागते. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं मोजणी चुकली. नाही चुकली. साधं कापड तेवढं ताणतं. आधी दोन्ही टोकं आणि मधला बिंदू टांगून घ्यावा, मग चौथाई, मग मधले. एका टोकाकडून सरळ टांगत गेलं की शेवटी कापड संपतं आणि सुया उरतात. उलटी बाजू आपल्याकडे. मग आठ ओळी, एक सोडून एक टाका सरकवणं, घट्ट टेन्शनने सात ओळी, आणि पहिल्या ओळीचे फास परत वर टांगून दोन्ही मिळून टाके बंद. दाते दोन्ही टोकांना सारखे यायला टाक्यांची संख्या विषम हवी, म्हणून ११२ ऐवजी १११.

खांबसाखळी (लातूर)

शिंपले केलेच तर १०९. सहा अठरे १०८, अधिक एक.

सुई_आजी (अंबाजोगाई)

१०९ लई झाले. कुंचीची कड तोंडावर बसायला पाहिजे, नाहीतर वारं कानात जातं. कडेला दहात एक कमीच धरा.

खांबसाखळी (लातूर)

आजींचं बरोबर आहे. शाल किंवा झबल्याच्या खालच्या घेराला ११२ च्या जवळ राहायचं, पण चेहऱ्याला आत ओढणारी कड हवी. १०३ घ्या. सतरा शिंपले. त्याहून कमी केलं तर पुढचा भाग चुण्या घेतो आणि बाळाच्या कपाळावर येतो.

काठपदर (छत्रपती संभाजीनगर)

आणि दातेरी दुमडीला?

उलटसुलट (परभणी)

तिथेही १०१ वर आले तर चालेल, पण मी टाके कमी करण्यापेक्षा टेन्शन अर्ध्या नंबरने घट्ट करेन. दोन थरांची दुमड क्रोशाइतकी आत येत नाही, टाके कमी केले की शिवणीच्या जागी चुण्या दिसतात.

ह्या ऑर्डरीला हलव्याचे दागिने आहेत, तेव्हा शिंपले रद्द. काळी दुमड, तिच्या दात्यांपुरती पांढरी लोकर, म्हणजे कडेला बारीक पांढरी रेघ दिसते. त्यासाठी टाके सरकवायच्या आधीची ओळ आणि नंतरची ओळ पांढऱ्याने फिरवायची, बाकी सगळं काळं. बांधायला नाडी: तीन सुया, कॅरेजचं एका बाजूचं पार्टचं बटण दाबून. एका दिशेला विणते, दुसऱ्या दिशेला नुसती सरकते, आणि गोल गोफ निघतो. लांबी दोन्हीकडे वीस सेंटिमीटरच्या आत. टोकाला मोठा गोंडा नको, तोंडात जातो.

सुई_आजी (अंबाजोगाई)

नाडी शिवून टाका, नुसती ओवू नका. लेकरं ओढून काढतात.

मोंढानाका (जालना)

उलटसुलट ताई, तुमच्या मशीनच्या जुन्या रिबरची चौकशी एका ओळखीच्या दुकानात करून ठेवतो. मॉडेल नंबर आणि बेडखालच्या क्लॅम्पच्या जागेचा फोटो पाठवा. क्लॅम्प बसला नाही तर रिबर मुख्य बेडला समांतर राहत नाही आणि मग सुया एकमेकींवर आपटतात.